चार आवाज, दोन व्हायोलिन आणि बाकीच्या रिकाम्या ओळी

योहान सेबास्टियन बाखच्या ज्या कँटाटा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत गायक-वादकांनी सादर करायच्या अनेक भागांच्या रचना, आपल्यापर्यंत धड पोहोचल्या नाहीत, त्यांत त्याच्या रचनांच्या सूचीत 190 हा क्रमांक असलेली ‘झिंगेट डेम हेर्न आइन नॉयेस लीड’, म्हणजे ‘प्रभूसाठी नवे गीत गा’, ही मला सर्वांत जास्त चुटपुट लावणारी रचना वाटते. 1723 च्या मे महिन्यात बाख लाइपझिगमध्ये कँटर, म्हणजे चर्चचा संगीतप्रमुख, म्हणून रुजू झाला आणि 1 जानेवारी 1724 रोजी, तिथल्या त्याच्या पहिल्या नववर्षदिनी, ही कँटाटा गायली गेली. तिचे सात भाग आहेत. तिसऱ्यापासून पुढचा, बाखच्या स्वतःच्या हातचा स्कोअर, म्हणजे सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेली स्वरलिपी, टिकून आहे, परंतु पहिल्या दोन भागांचा स्कोअर हरवलेला आहे. त्या दोन भागांचे जे काही आज हाती लागते ते गायक-वादकांसाठी उतरवून काढलेल्या सुट्या प्रतींमधून, आणि त्याही सगळ्या नाहीत: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास हे उंचापासून खर्जापर्यंतचे चार आवाज आणि पहिले व दुसरे व्हायोलिन एवढेच. तीन ट्रम्पेट, टिंपनी म्हणजे नगारे, तीन ओबो ही सनईसारखी फुंकवाद्ये, व्हायोला आणि ज्याच्या आधाराने बाकीचे सारे उभे राहते तो कंटिन्युओ, म्हणजे चेलो, व्हायोलोन आणि ऑर्गन यांची खालची ओळ, यांतले काहीही या दोन भागांसाठी उरलेले नाही.

मी राहते ते गाव लाइपझिगपासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे आणि माझी नोकरी रसायनांच्या कारखान्यात आहे. अहमदनगरच्या चर्चमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे पेटी-तबल्याच्या साथीने म्हणत मी लहानाची मोठी झाले. तिथे सारी मंडळी एकच चाल गात असत. पाश्चात्त्य स्वरलिपी आणि हार्मनीचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाचे, पहिले नियम मी पुण्यात, मूळच्या गोव्याच्या एका व्हायोलिनच्या मास्तरांकडे शिकले, आणि काउंटरपॉइंटचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र चाली गुंफण्याचा, अभ्यास जर्मनीत आल्यावर आमच्या गावच्या चर्चच्या कँटरांकडे सुरू केला. त्यांच्या गायकवृंदात मी आल्टो गाते. नववर्षाच्या उपासनेसाठी 190 क्रमांकाची कँटाटा करावी आणि पहिले दोन भाग आपणच जुळवावेत, असे त्यांनी ठरवले तेव्हा स्वरलेखनाचे काम आणि पुढे त्यातला बराचसा वादविवादही माझ्या वाट्याला आला.

या कँटाटाची जुळणी पूर्वी कोणी केली नाही असे अजिबात नाही. टॉन कोपमन, मासाआकी सुझुकी यांच्यासारख्या संचालकांनी ती सादर केली आहे, ध्वनिमुद्रित केली आहे, आणि छापील स्कोअरही विकत मिळतात. तरी आपण स्वतः ती का करायची, या माझ्या प्रश्नाला कँटरांचे उत्तर असे होते की तयार जुळणी गाणाऱ्याला मूळ कुठे संपते आणि भर कुठे सुरू होते हे कधीच कळत नाही, आणि आमच्या वृंदाला ते कळावे एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांनी एक अट मात्र घातली: आपला आराखडा पुरा होईपर्यंत कोणाचेही ध्वनिमुद्रण ऐकायचे नाही. ती अट मला आधी बालिश वाटली. काही आठवडे काम केल्यावर तिचे महत्त्व पटले, कारण एकदा कानात बसलेली खर्जाची ओळ मग दुसरी कुठलीच ओळ सुचू देत नाही.

बर्लिनच्या स्टेट लायब्ररीतल्या मूळ कागदांच्या प्रतिमा इंटरनेटवर पाहायला मिळतात, त्यामुळे सुरुवात तिथून केली. सुट्या प्रती अपुऱ्या असल्या तरी त्या एक गोष्ट निर्विवादपणे सांगतात, ती म्हणजे लांबी. गायकाने किती मात्रा गप्प राहायचे हे त्याच्या प्रतीत लिहिलेले असते, व्हायोलिनच्या प्रतीतही तसेच, आणि सहा प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या की भाग किती मात्रांचा होता, गायन कुठे सुरू होते, कुठे थांबते, याचा पूर्ण नकाशा हाती येतो. म्हणजे एकही माप, म्हणजे स्वरलिपीतला दोन उभ्या रेघांमधला तुकडा, आम्हाला कल्पनेने घालायचे नव्हते. वाद्यमेळ कोणता होता हेही अंदाजाने ठरवावे लागत नाही, कारण शेवटच्या कोरलचा, म्हणजे चर्चमधल्या परिचित भजनाच्या चालीचा, स्कोअर शिल्लक आहे आणि त्यात तीन ट्रम्पेट, टिंपनी व ओबो आहेत. जो वादकसंच शेवटी हजर आहे तो सुरुवातीच्या जल्लोषात गैरहजर होता, असे मानायला काही कारण नाही. शिवाय पहिल्या भागाचे शब्द 149 व्या आणि 150 व्या स्तोत्रांतले आहेत, आणि त्यांत नगारा, तंतुवाद्ये आणि फुंकवाद्ये यांनी प्रभूचे स्तवन करा असे स्वच्छ सांगितलेले आहे.

संगणकावर स्कोअर मांडला तेव्हा वरच्या सात ओळी कोऱ्या, मध्ये व्हायोलिन, मग पुन्हा एक कोरी, त्याखाली चार आवाज आणि तळाशी आणखी एक कोरी, असे ते पान दिसत होते. कँटरांनी तळाच्या ओळीपासून सुरुवात करायला सांगितले आणि ती पुरी होईपर्यंत वरच्या ओळींना हात लावू दिला नाही.

गायकवृंद गात असतो तिथे काम तुलनेने सोपे असते. बासचा आवाज हा बहुतेक वेळा हार्मनीचा तळ असतो आणि कंटिन्युओ त्याच्याबरोबर, कधी सप्तकभर खाली, कधी त्याच स्वरांना थोडी अधिक चाल देत जातो. अवघड जागा दोन प्रकारच्या होत्या. पहिली, जिथे बास गप्प आहे आणि वरचे आवाज गात आहेत. तिथे टेनर हा तळ मानायचा की त्याच्याखाली वेगळा स्वर चालत होता असे मानायचे, हे प्रत्येक मात्रेला नव्याने ठरवावे लागते, कारण टेनरचा स्वर एखाद्या स्वरसंघाचा पाचवा असेल आणि तोच तळ धरला तर ऐकणाऱ्याला पायाखालची जमीन सरकल्यासारखे होते. दुसरी, आणि खरी अवघड, म्हणजे गायनाआधीचा वाद्यांचा भाग. तिथे आमच्याजवळ फक्त दोन व्हायोलिन. यावर जो मार्ग निघाला तो मला या सगळ्या कामातला सर्वांत समाधान देणारा वाटतो: व्हायोलिनचे जे तुकडे पुढे गायनाबरोबर पुन्हा येतात ते शोधायचे, तिथे बासच्या आवाजाने ठरवून दिलेली हार्मनी पाहायची आणि ती मागे नेऊन सुरुवातीच्या त्याच तुकड्याखाली ठेवायची. असे केल्यावर सुरुवातीच्या वाद्यभागाचे बरेच खांब बाखच्याच हातचे निघाले आणि आम्हाला फक्त मधली अंतरे भरावी लागली.

ही अंतरे भरताना व्हायोलिनच्या ओळी वाचण्याची माझी पद्धतच बदलली. आधी मी त्यांत चाल शोधत होते. नंतर चाल नसलेल्या जागा शोधू लागले. जिथे दोन्ही व्हायोलिन एकाच स्वरावर रेंगाळतात, किंवा नुसती साथीची पुनरावृत्ती करतात, किंवा गप्प होतात, तिथे लक्ष वेधणारे काहीतरी दुसरीकडे चालू होते असे धरावे लागते. एवढ्या मोठ्या वाद्यमेळात बाख सगळ्यांना एकाच वेळी रिकामे ठेवत नाही. उलट जिथे व्हायोलिन भरभरून धावत आहेत तिथे ट्रम्पेटने वर आणखी नक्षी काढण्याची गरज नसते. ट्रम्पेट आणि ओबो कुठे हवेत हे अशा रीतीने व्हायोलिनच सांगत होते, पण ते काय वाजवत होते हे सांगत नव्हते.

ट्रम्पेटच्या बाबतीत मात्र वाद्यच निम्मा निर्णय करून टाकते. बाखच्या काळातल्या ट्रम्पेटला झडपा नसत. नळीतून निसर्गतः निघतील तेवढेच स्वर वाजत. डी मेजरच्या, म्हणजे या रचनेच्या मुख्य स्वरमालेच्या, ट्रम्पेटला खालच्या टप्प्यात डी, एफ शार्प, ए आणि वरचा डी एवढे मोजके स्वर मिळतात, सलग स्वरसप्तक त्यापुढे, वरच्या टप्प्यात सुरू होते, आणि तिथेही अकराव्या क्रमांकाचा स्वर जी आणि जी शार्प यांच्या मध्येच कुठेतरी लागतो, तो वादकाने ओठांनी ओढून जागेवर आणायचा असतो. म्हणून पहिला ट्रम्पेट वर गाऊ शकतो, तिसरा मात्र बहुतांशी खालच्या मोजक्या स्वरांवर ताल धरून असतो, आणि संगीत बी मायनरसारख्या शेजारच्या सप्तकाकडे वळले की तिघेही बहुधा गप्प बसतात. कोऱ्या ओळींपैकी तीन ओळींचे पर्याय अशा रीतीने आपोआप आटोक्यात आले. बाखच्या इतर नववर्षाच्या कँटाटा, विशेषतः 1725 च्या नववर्षाची 41 क्रमांकाची आणि डी मेजरमधलीच 171 क्रमांकाची, आम्ही शेजारी उघडून ठेवल्या होत्या; त्यांतले स्वर उचलण्यासाठी नव्हे, तर ट्रम्पेट किती वेळ वाजतात आणि किती वेळ थांबतात हे मोजण्यासाठी. मोजल्यावर लक्षात आले की आमच्या पहिल्या आराखड्यातले ट्रम्पेट फार बोलके आहेत. कँटरांनी लाल पेन्सिल घेतली आणि त्यांतले जवळजवळ निम्मे खोडून टाकले. जे उरले ते अधिक उठून ऐकू येऊ लागले.

टिंपनीवरून आमच्यात खरा वाद झाला. माझे म्हणणे होते की स्तोत्राच्या ओळीत नगाऱ्याचा उल्लेख येईपर्यंत नगारा वाजूच नये. कँटर म्हणाले की सणासुदीच्या संगीतात ट्रम्पेट आणि टिंपनी ही एकाच घरची माणसे आहेत, एक आले की दुसरे आलेच, आणि सुरुवातीच्या वाद्यभागात ट्रम्पेट असतील तर टिंपनीला बाहेर उभे करणे हे आजच्या माणसाचे नाटकीपण झाले. मी त्यांना बाखच्याच 1733 सालच्या 214 क्रमांकाच्या कँटाटाची आठवण करून दिली, जिचे शब्दच ‘नगाऱ्यांनो, वाजा’ असे सुरू होतात आणि जिथे खरोखरच टिंपनी एकटी सुरुवात करते. हेच संगीत पुढे ख्रिसमस ऑरेटोरिओच्या आरंभी आले. त्यावर त्यांचे उत्तर असे की हा दाखला माझ्या नव्हे, त्यांच्या बाजूचा आहे, कारण तिथे गायकांनी तोंड उघडण्याच्या आधीच टिंपनी वाजते. शेवटी सुरुवातीला टिंपनी फक्त सांगता-स्थानांवर, म्हणजे डी आणि ए या तिच्या दोन स्वरांनी वाक्य पुरे होते तिथे, ठेवली आणि तिची सलग चाल स्तोत्रातल्या त्या ओळीसाठी राखली. मला ही तडजोड अजूनही थोडी पुस्तकी वाटते, पण दुसरे काही सुचत नाही.

पहिल्या भागात दोन ठिकाणी सारा वृंद एकत्र, एकाच सुरात, मार्टिन लूथरने 1529 मध्ये जर्मनमध्ये आणलेल्या प्राचीन ‘ते देउम’ या स्तुतिगीताची ओळ गातो: ‘प्रभू देवा, आम्ही तुझे स्तवन करतो’ आणि पुढे ‘प्रभू देवा, आम्ही तुझे आभार मानतो’. चार आवाज एकच स्वर गात असल्यामुळे त्यांच्यापासून हार्मनीचा कोणताच पुरावा मिळत नाही, आणि ही चाल डी मेजरच्या घरात जन्मलेली नाही. ती जुन्या, चर्चच्या रागांसारख्या स्वरमालेतली आहे. तिच्याखाली डी मेजरचे ठरावीक स्वरसंघ घातले तर ती गुळगुळीत होते, आणि जुन्या पद्धतीने स्वरसंघ घातले तर आजूबाजूच्या जल्लोषापासून तुटते. नगरच्या चर्चमध्ये पेटीवर एकेरी चालीला साथ करताना सगळेच स्वर दाबायचे नसतात हे मला ठाऊक होते, म्हणून मी कंटिन्युओला तिथे चालते न ठेवता लांब, स्थिर स्वर द्यावेत असे सुचवले. कँटरांनी ते मान्य केले, मात्र व्हायोलिनशी ताडून त्यांतले दोन स्वर बदलले, आणि त्यांचे बरोबर होते.

‘ज्याच्या ठायी श्वास आहे ते सर्व प्रभूचे स्तवन करो’ या शब्दांवरच्या फ्यूगबद्दल, म्हणजे एकच चाल आवाजांनी एकामागून एक उचलण्याच्या रचनेबद्दल, सांगण्यासारखे फारसे नाही. तिथे आवाजच सर्व काही करतात. ओबो आणि व्हायोला यांना आम्ही गायकांच्याच ओळींवर बसवले, जशी त्या काळी रूढी होती, आणि ट्रम्पेट शेवटासाठी राखून ठेवले.

दुसऱ्या भागाची गोष्ट अगदी वेगळी. यात ‘ते देउम’च्या ओळी वृंद चार आवाजांत गातो आणि प्रत्येक ओळीनंतर एक एकल गायक रेसिटेटिव्हमध्ये, म्हणजे बोलण्याच्या लयीत, नव्या वर्षाबद्दल आभार मानतो. वृंदाच्या ओळी फारशा अडवत नाहीत. रेसिटेटिव्ह मात्र फार अडवतात, कारण तिथे गायकाखाली कंटिन्युओशिवाय दुसरे कोणी नसते आणि तो कंटिन्युओच हरवलेला आहे. गायकाचा एकच वाक्प्रचार दोन, कधी तीन वेगवेगळ्या खालच्या स्वरांवर तितक्याच सहजतेने उभा राहतो. गायक कुठून कुठे उडी घेतो, कोणत्या शब्दावर अनपेक्षित शार्प किंवा फ्लॅट येतो, यावरून काही अंदाज बांधता येतात, आणि पुढच्या कोरल-ओळीच्या पहिल्या स्वरसंघापर्यंत पोहोचायचेच असल्यामुळे शेवट ठरलेला असतो. पण मधला रस्ता खुला राहतो. दुसऱ्या रेसिटेटिव्हमध्ये देवाने सारा देश आणि आपले प्रिय नगर महागाई, रोगराई आणि युद्ध यांपासून राखले असे शब्द आहेत. कँटरांनी ‘युद्ध’ या शब्दाखाली एक कर्कश स्वरसंघ घातला होता. मला तो नको होता, कारण वाक्य संकटाचे वर्णन करत नाही, संकट टळल्याबद्दल आभार मानते. आम्ही दोन्ही रूपे लिहून ठेवली आणि निवड तालमीवर सोडली.

पुढच्या पाच भागांत आमचे काम जवळजवळ नव्हते. आल्टोची नाचऱ्या लयीतली आरिया, म्हणजे एकल गीत, आणि तिची तंतुवाद्ये बाखच्या हातची जशीच्या तशी आहेत. टेनर आणि बास यांच्या युगुलगीतात एकल वाद्याचे नाव लिहिलेले नाही. ते आम्ही ओबो दामोरे या ओबोच्या थोड्या खालच्या स्वराच्या भावंडाला दिले, कारण ओळ त्याच्या पल्ल्यात नीट बसते आणि आमच्या ओबोवादकाकडे ते वाद्य होते.

स्वरलेखन करताना आम्ही एक नियम कटाक्षाने पाळला: बाखच्या काळच्या कागदांवरून आलेला प्रत्येक स्वर पूर्ण आकारात आणि आमचा प्रत्येक स्वर लहान आकारात, राखाडी शाईत. संपादनाच्या जगात ही नेहमीची रीत आहे, पण गायक-वादकांच्या हातातल्या प्रतींत ती क्वचित पाळली जाते. तालमीत तिचा परिणाम आम्हाला अपेक्षित नव्हता तसा झाला. व्हायोलिनवादकांच्या प्रती पूर्ण काळ्या, ट्रम्पेटवादकांच्या पहिल्या दोन भागांच्या प्रती संपूर्ण राखाडी. साहजिकच ट्रम्पेटवादक बिनधास्त सूचना करू लागले. दुसऱ्या ट्रम्पेटवादकाने त्याच्या ओळीत एके ठिकाणी श्वास घ्यायला जागाच नसल्याचे दाखवून दिले आणि तिथे तिसऱ्या ट्रम्पेटशी अदलाबदल सुचवली, ती केली. चेलोवादक बाईंनी सुरुवातीच्या वाद्यभागातल्या खालच्या ओळीचे एक वळण वाजवून पाहिले, मान हलवली आणि लगेच दुसरे वाजवून दाखवले. ते आमच्यापेक्षा साधे होते आणि पहिल्या व्हायोलिनशी अधिक जुळत होते, म्हणून तेच ठेवले. काळ्या स्वरांबद्दल मात्र कोणीही, अगदी कठीण जागीसुद्धा, असे काही सुचवले नाही.

आमच्या सोप्रानो गायिकांना पहिला भाग फार उंच वाटत होता, आणि त्यावरून बाखच्या वृंदात सोप्रानो गाणाऱ्या 1724 सालच्या मुलांचा विचार नेहमी माझ्या मनात येई. त्यांना ओळीने गाव्या लागल्या त्या अशा: ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी 40 क्रमांकाची कँटाटा, तिसऱ्या दिवशी 64 क्रमांकाची, 1 जानेवारीला ही, दुसऱ्याच दिवशी 153 क्रमांकाची आणि 6 जानेवारीला 65 क्रमांकाची. 2 जानेवारीच्या कँटाटात वृंदाला साध्या कोरलांपलीकडे काही नाही. थकलेल्या गळ्यांना बाखने तिथे विसावा दिला असावा, हे अनुमान अनेकांनी केले आहे आणि ही कँटाटा स्वतः गायल्यावर ते मला अगदी पटले.

‘युद्ध’ या शब्दाखालचा प्रश्न शेवटच्या तालमीत ऑर्गनवादकाने सोडवला. त्याने आधी कँटरांचे रूप वाजवले, मग माझे. टेनर म्हणाला की पहिल्या रूपात त्याला तो शब्द जोर देऊन गावा लागतो आणि वाक्याचा शेवट, म्हणजे ‘राखले’ हे क्रियापद, झाकला जातो. नववर्षाच्या दुपारी चर्चमध्ये साधे रूप वाजले. उपासनेनंतर मात्र कँटरांनी मला सांगितले की त्यांना आपलेच रूप अजून आवडते आणि पुढच्या वेळी ते वाजवायचे आहे. आता शेजारच्या गावच्या वृंदाने ही सामग्री मागितली आहे, आणि त्यांच्यासाठी तयार केलेल्या प्रतीत त्या मापाखाली दोन्ही स्वर छापले आहेत, एक वर आणि एक खाली, दोन्ही राखाडी.